तीन बाहेर, दोन आत

मांसवाल्या जे हुयने लेकीची उत्तरपत्रिका टेबलावर अशी आपटली, की शिकवणीच्या शाखाप्रमुख ओरापिनच्या पेल्यातला चहा उडून तिच्याच कागदांवर पडला.

"ती दारावर बसते ना, झाडूवाली," जे हुय म्हणाली, "तिला बोलवा."

लमियत झाडूवाली नव्हती, आणि बोलवायचीही गरज नव्हती. ती तिथेच कपाटाला पाठ लावून उभी होती. पण जे हुय चिडली की समोरचा माणूस तिला दिसत नसे, हे सगळ्या त्रांग गावाला ठाऊक होतं. सकाळच्या बाजारात मध लावून भाजलेल्या डुकराच्या मांसाचं दुकान तिचं. उजाडायच्या आत कोयता हातात घेते, तो ऊन चढल्यावरच खाली ठेवते. इथे कोयता नव्हता, म्हणून उत्तरपत्रिका आपटली.

भांडण एका गुणाचं होतं. सराव परीक्षेत जे हुयच्या लेकीचा, बायमोनचा, एका गुणाने पहिला नंबर हुकला. पहिल्या नंबराचा फोटो शिकवणीच्या काचेच्या दारावर सहा महिने लागतो. येणारा-जाणारा बघतो, आणि मांस घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही तेच बोलतं. आता तिथे दंतवैद्याच्या पोराचा फोटो लागला होता. आणि तो एक गुण गेला तो या बाईचं ऐकून, असं बायमोनने घरी सांगितलं होतं.

खोटं नव्हतं ते. पण खरं सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

त्या शिकवणीत शिकवायला माणूसच नव्हता. औषधांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक गारेगार खोली, साठ खुर्च्या आणि भिंतीवर पडदा. पडद्यावर बँकॉकचे आचान, म्हणजे गुरुजी, कोमेत जीवशास्त्र शिकवत. ते त्यांनी अकरा वर्षांपूर्वी एकदाच शिकवलं होतं, तेव्हापासून तेच चित्रण गावोगावच्या शाखांत चालू होतं. आचान म्हातारे झाले असतील, पडद्यावर मात्र केस काळेभोर. लमियतचं काम एवढंच, की वेळेवर व्हिडिओ लावायचा, पोरांचे मोबाइल टोपलीत गोळा करायचे, झोपलेल्याला पेन्सिलीने टोचायचं आणि कुणी पडद्याचा फोटो काढत नाही ना ते बघायचं. आणि एक नियम होता, कामावर लागताना सही करून घेतलेला. पडद्यावर जे चाललंय, त्यावर चकार शब्द बोलायचा नाही.

पोरांना छापील टिपणं मिळत, पण ती गाळलेल्या जागांची. महत्त्वाचा शब्द असेल तिथे नेमकी रेघ. तो शब्द आचानच्या तोंडून निघाला की लिहून घ्यायचा. डुलकी लागली की जागा रिकामी. एकाची टिपणं पैसे न भरलेल्या दहा जणांनी छापून घेऊ नयेत, म्हणून कंपनीने काढलेली ही युक्ती. युक्ती कसली, वरवंटाच तो. पोरं शब्दाची वाट बघत बसत, शब्द आला की लिहीत, आणि तो तिथे का आला हे विचारायला समोर कुणी नसे.

लमियत नववीनंतर हातमोज्यांच्या कारखान्यात लागली होती. तिथल्या रसायनांनी तळहाताची सालं निघायला लागली, तेव्हा ती इथे आली. पहिली दोन वर्षं तिला तो माणूस अगदी नकोसा झाला. त्याचे विनोद कधी येणार, तो नाक कधी खाजवणार, सगळं तिला पाठ. तिसऱ्या वर्षी कंटाळून कंटाळून तिने उरलेलं एक टिपण घेतलं आणि गाळलेल्या जागा भरायला बसली. चौथा धडा होता, पेशीपटलाचा. मिठाचं पाणी बाहेर असलं की पेशीतलं पाणी पटलातून बाहेर जातं आणि पेशी आक्रसते, आचान म्हणाले. लमियत खुर्चीत ताठ झाली. तिची आई जन्मभर मोहरीचा पाला मिठात घालून विकायची. मीठ चोळलं की पाला मरतो आणि बरणीत पाणी सुटतं, ते पाणी कुठून येतं असं लहानपणी विचारल्यावर लमियतने पाठीत धपाटा खाल्ला होता. चाळीस वर्षांनी या गारेगार खोलीत तिला उत्तर मिळालं, आणि डोळ्यांत पाणी आलं. पोरांना वाटलं, पा रडतेय. मोठ्या वयाच्या बाईला तिथे पा म्हणतात, मावशी म्हणावं तसं.

त्यानंतर तिने एकही धडा सोडला नाही. समजलं नाही तर पुढच्या तुकडीला पुन्हा, त्याच्या पुढच्या तुकडीला पुन्हा. एक धडा वीस-वीस वेळा ऐकायला मिळतो, असं नशीब त्या साठ पोरांतल्या एकाचंही नव्हतं.

आता तो घोळ. चौथ्या धड्यातच आचान पटलातल्या पंपाबद्दल सांगतात. हा पंप सोडियमचे तीन कण बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत ओढतो. पण चित्रणाच्या दिवशी आचानची जीभ घसरली. ते म्हणाले, दोन बाहेर, तीन आत. वीस मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी स्वतःच्या टाळक्यात मारून घेतलं आणि म्हणाले, अरे उलटं सांगितलं, खोडा, खोडा. पोरं हसायची आणि खोडायची. नऊ वर्षं असं चाललं. मग दोन वर्षांपूर्वी मुख्य कचेरीला वाटलं, की हल्लीच्या पोरांना दम नाही, धडे आखूड करा. कुणीतरी बसून सगळे विनोद कापले, आणि विनोदाबरोबर ती दुरुस्तीही गेली. चूक तेवढी राहिली. पुढे आदर्श उत्तरं तयार करणाऱ्यांनी ती व्हिडिओ बघूनच तयार केली. ज्यांच्या शाळेत चांगले शिक्षक होते ती पोरं गुपचूप बरोबर लिहीत, गुण गेला तरी हूं की चूं करत नसत. लमियत दर तुकडीला त्या ठिकाणी मनातल्या मनात चडफडायची. एकदा तिने ओरापिनला सांगूनही पाहिलं. ओरापिन म्हणाली, तुम्ही टोपली सांभाळा.

लमियतने त्या दिवशी तोंड उघडलं ते पोरीच्या भल्यासाठी, असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. तोंड उघडलं ते रागाने. मधल्या सुट्टीत बायमोनने तिच्या मेजावरचं भरलेलं टिपण उचललं आणि वर्गापुढे हात नाचवून वाचलं. पा डॉक्टर होणार, म्हणाली. पा आधी आमची नाडी बघणार. साठ जणं खदाखदा हसली. लमियतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने बायमोनच्या मेजावरचं टिपण उचललं, तसंच हात नाचवून वाचलं, आणि म्हणाली, दोन बाहेर आणि तीन आत म्हणे. अगं, असल्या पेशी घेऊन तू उभीसुद्धा राहिली नसतीस. आता हसणं बायमोनच्या वाट्याला आलं. पोरगी कानापर्यंत लाल झाली. घरी जाऊन तिने तीन पुस्तकं उघडली, तिन्हींत पा बरोबर निघाली, आणि सराव परीक्षेत तिने खरं उत्तर लिहिलं. गुण गेला.

आता टेबलावर तीच उत्तरपत्रिका पडली होती, आणि बायमोन दारात नखं खात उभी होती.

ओरापिनने जे हुयला गार पाणी दिलं, कागद तपासून बघते म्हणाली, आणि लमियतला हाताला धरून बाहेर जिन्यात आणलं. ओरापिन चौतिशीची, लमियतपेक्षा बावीस वर्षांनी लहान. रागावली तरी ताई म्हणायची.

"ताई, तुमचं बरोबर आहे. मी पुस्तकात बघितलं," ती हळू म्हणाली.

"मग तिला तसं सांग की."

"आणि दोन वर्षांत या खोलीत बसलेल्या सगळ्या पोरांच्या आया उद्या इथे उभ्या राहतील, त्यांना काय सांगू? वरचे मला ठेवतील? आत चला, पोरीची माफी मागा, माझंच चुकलं म्हणा. नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. लमियतने जिन्याचा कठडा धरला. छप्पन्नाव्या वर्षी कारखाना तिला दारात उभं करणार नव्हता. घरी पोसणारं कुणी नव्हतं. आणि हे सांगायला लाज वाटते, पण पोटाच्याही आधी तिच्या मनात आलं ते हे, की अकरावा धडा अजून नीट कळलेला नाही. तो आता कुठे ऐकायचा?

ती आत गेली. ओरापिन म्हणाली, मुलीला हात जोडा आणि विषय संपवा.

त्या मुलखात धाकट्याने थोरल्याला हात जोडायचे असतात. थोरल्याने आधी जोडले तर धाकट्याचं आयुष्य तुटतं, असं मानतात. ओरापिन शहरात शिकलेली, तिच्या ते ध्यानात आलं नाही. लमियतच्या आलं. तिने तळहात जुळवले आणि सावकाश वर न्यायला लागली, छातीपाशी, हनुवटीपाशी, आणखी वर, भिक्षूंसमोर नेतात तसे कपाळाकडे. नम्रता कसली डोंबलाची, विष होतं त्यात. बायमोन भिंतीला चिकटली.

जे हुयने झेप घेऊन लमियतची मनगटं पकडली. "सतरा वर्षांची आहे ती. काय तोडायला निघालीस तिचं?"

"माफीच मागतेय मी."

जे हुयच्या हातांना मधाचा आणि धुराचा वास होता. मग तिने मनगटं सोडली आणि फर्मान काढलं. हात जोडायचे नाहीत. ज्या वर्गात माझ्या पोरीला हसलात, त्याच वर्गात उभं राहून तोंडाने सांगायचं, की मला काही कळत नाही आणि व्हिडिओत आहे तेच बरोबर. आत्ता, आजच.

त्या दिवशी दुपारी उजळणी होती, आणि उजळणी चौथ्याच धड्याची. साठ पोरं बसलेली, मोबाइल अजून गोळा व्हायचे होते, टोपली लमियतच्या काखेत रिकामीच. ओरापिनने लमियतच्या हातात माइक दिला आणि जे हुयबरोबर मागे उभी राहिली. अकरा वर्षांत लमियत पडद्यासमोर कधी उभी राहिली नव्हती. तिथून पोरं अगदीच लहान दिसत होती. झोपेला आलेली, भेदरलेली, कुणाच्या ओठावर कोवळी मिसरूड. आणि ती सगळी पेन घेऊन बसली होती, समोरून शब्द येईल म्हणून.

ते बघून तिच्यातला राग कुठे गेला तिलाच कळलं नाही. माफीची वाक्यं तिने पाठ केली होती. तोंडात आली ती दुसरीच.

"मला काही कळत नाही, असं सांगायला मला इथे उभं केलंय," ती म्हणाली. "मला थोडंच कळतं. ते सांगते. मी दारावर बसते, बघता ना तुम्ही? समजा मी दर वेळी तिघांना बाहेर काढलं आणि दोघांनाच आत घेतलं. बाहेर काढलेले सारखे दार ढकलत राहणार, आत यायला. त्यांच्या त्या ढकलण्यावर पेशी पुढची कामं करून घेते. नस चालते ती त्यावरच. आणि दारवाल्याला हे फुकट जमत नाही. त्याला दर फेरीला खायला लागतं. उपाशी राहिला की दार थांबतं. दार थांबलं की पाणी आत येतं आणि पेशी फुगून मरते. म्हणून तीन बाहेर, दोन आत. हा आकडा पाठ करू नका. त्याचं काम समजून घ्या."

मागे ओरापिनने माइक बंद केला होता, ते लमियतच्या ध्यानातही आलं नाही. खोली एवढी शांत होती, की माइकची गरज नव्हती. दंतवैद्याचा पोरगा लिहीत होता. कोपऱ्यातल्या एकीने न राहवून विचारलं, दारवाला खातो काय? त्या खोलीत विचारलेला तो पहिला प्रश्न. लमियतने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच ओरापिनने दिवे बंद केले आणि व्हिडिओ लावला. पडद्यावर, तिच्या अंगावर, आचान कोमेत उमटले आणि हसतमुखाने पोरांना नमस्कार करू लागले.

"विचारा बायमोनला," जे हुय अंधारातून ओरडली. "काय बरोबर आहे ते माझी पोरगी सांगेल. सांग गं. किती बाहेर?"

बायमोन पहिल्याच रांगेत होती. लमियत तिच्या मेजापासून हातभरावर. पोरीने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत त्या दिवसाचं हसणं अजून तसंच रुतलेलं होतं, आणि मागे आई उभी होती.

"दोन," बायमोन म्हणाली.

वर्गात कुजबुज झाली. लमियतने मान खाली घातली, तेव्हा पडद्याच्या उजेडात तिला मेजावरचं टिपण दिसलं. आधीचा दोन खोडला होता आणि त्यावर पेन दाबून, कागद फाटेल इतकं दाबून, तीन लिहिला होता. बायमोनने तळहात ठेवून तो झाकायला बघितलं. शेजारची मुलगी मान वाकडी करून बघायला लागली होती.

त्या दिवशी उचललं होतं तसं टिपण उचलून वाचणं अगदी सोपं होतं. एका हाताचं काम.

लमियतने ते टिपण पालथं केलं, वर मोबाइलची रिकामी टोपली ठेवली, आणि ती खोलीबाहेर पडली.