पुलापलीकडची हद्द

मीटिंगमध्ये बाईंचं कौतुक चाललं होतं आणि बाईंचा पाय टेबलाखाली शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलत होता.

बाई म्हणजे पुलाच्या अलीकडच्या पोलीस ठाण्याच्या इन्स्पेक्टर. दर महिन्याला मोठे साहेब सगळ्या ठाण्यांच्या प्रमुखांना समोर बसवून आकडे वाचायचे. कुणाकडे तक्रारी किती, बेवारस किती, रखडलेलं किती. ज्याचा आकडा फुगलेला, त्याची सगळ्यांसमोर बिनपाण्याने हजामत. बाईंचा आकडा मात्र कायम सडपातळ.

"शिका जरा यांच्याकडून," साहेब म्हणाले. पुलापलीकडच्या ठाण्याचा इन्स्पेक्टर शेजारीच बसला होता. सगळे त्याला दादा म्हणत. त्याने नाक मुरडलं.

एरवी बाईंना केवढी गंमत वाटली असती! पण मांडीवरचा फोन सारखा थरथरत होता. भावाचा निरोप होता, "ताई, बाबा सकाळपासून घरात नाहीत. दार उघडं राहिलं. फोन उचल ना गं!"

बाबांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. आता डोक्यातलं एकेक पुसत चाललं होतं, आधी पत्ता गेला, मग स्वतःचं नाव. गळ्यातली मोजपट्टी तेवढी सुटली नव्हती. असा माणूस भर रस्त्यात, आणि लेक इथे खुर्चीला चिकटलेली, कारण साहेब बोलत असताना उठायची प्राज्ञा नाही. चुलीत गेली ती शिस्त! बाई उठल्या, बाहेर व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी ठाण्यात फोन लावला.

फोन हवालदाराने घेतला. त्याला ठाण्यात भोंगा म्हणत, का ते त्याने तोंड उघडताच कळायचं.

"मॅडम, अगदी निर्धास्त राहा! आज एकसुद्धा बेवारस आत घेतला नाही. एक म्हातारा चौकात घुटमळत होता, ना नाव सांगेना ना गाव. दिला पुलापलीकडे सोडून. प्रेमानं हो, चहा पाजून."

"कसा होता दिसायला?" बाईंनी विचारलं.

"गळ्यात मोजपट्टी होती बघा. म्हणतो कसा, माझी लेक पोलिसात आहे! मी म्हटलं, आजोबा, मग माझा बाप राजा आहे."

भोंगा खो खो हसला.

आणि बोलणार तरी कुणाला? पद्धत बाईंचीच होती. ठाण्यात रुजू झाल्या झाल्या त्यांनीच सगळ्यांना पढवलं होतं, "दारुडा असो, वेडा असो, वाट चुकलेला असो, नोंद करायची नाही. नोंद केली की तो आपला झाला. पुलाच्या मध्यावर आपली हद्द संपते. तिथवर हात धरून न्या, पुढचं त्यांचं ते बघतील." पोरांनी मॅडमचा शब्द खाली पडू दिला नव्हता, एवढंच.

बाई आत आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "साहेब, माझे वडील हरवलेत. माझ्याच माणसांनी त्यांना दादांच्या हद्दीत ढकललंय."

दादाला उट्टं काढायची आयती संधी होती, पण त्याचाच चेहरा पडला. त्याने घाईघाईने आपल्या ठाण्यात फोन लावला, ऐकलं आणि मान खाली घातली.

"बाई, आमच्या पोरांनी त्यांना परत पाठवलं. तुमच्यांनी पुन्हा इकडे आणून सोडलं. पुन्हा आमच्यांनी... सकाळपासून हेच चाललंय. आता कुठे असतील, देव जाणे."

जीपमध्ये बाईंना दम निघेना. "हाण ना गाडी! सिग्नल गेला खड्ड्यात!" त्या ड्रायव्हरवर ओरडत होत्या आणि मनातल्या मनात स्वतःला लाखोली वाहत होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं. या उन्हात अनवाणी निघाले असतील तर? कठड्यावरून वाकून बघत असतील तर? एवढी वर्षं पुलावर सोडलेल्या एकाचीही त्यांनी अशी काळजी केली नव्हती, हेही आत्ताच सुचायचं होतं!

पुलाच्या या टोकाला बाईंचा शिपाई उभा, त्या टोकाला दादाचा. दोघेही आपापली हद्द राखत होते. मधोमध, कठड्याला टेकून बाबा खाली बसले होते. एका पायात चप्पल, दुसरा तापलेल्या दगडावर. मोजपट्टी बोटाला गुंडाळून सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"बाबा!" बाई धावल्या.

बाबांनी वर पाहिलं. त्यांना लेक दिसली नाही, वर्दी दिसली. ते कठड्याला धरून धडपडत उठले आणि त्यांनी हात जोडले.

"जातो साहेब, जातो. रागावू नका. फक्त या खेपेला कुठल्या बाजूला जायचं, तेवढं सांगा."