दोन ओळींमधली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी शिशाची पट्टी आहे. लांबीला तुमच्या वितीएवढी, जाडीला दोन पुठ्ठे एकावर एक ठेवावेत एवढी. माझ्यावर एकही अक्षर नाही. मला कधी कुणी वाचलं नाही, आणि वाचण्यासारखं माझ्यात काही नाहीच. तरी माझी हकिकत ऐका, कारण ती माझ्यापेक्षा दोन माणसांची जास्त आहे.

वितळलेलं शिसं साच्यात ओतून मला घडवलं आणि पुष्कळशा बहिणींबरोबर एका छापखान्यात पाठवलं. तिथे अक्षरांचे खिळे होते. एकेक खिळा उचलून शब्द जुळवणाऱ्या माणसाला जुळारी म्हणत. आमचा जुळारी एक ओळ जुळवून झाली की आमच्यापैकी एकीला तिच्याखाली सरकवायचा आणि मग दुसरी ओळ लावायचा. आम्ही खिळ्यांपेक्षा बुटक्या, म्हणून शाईचा रूळ आमच्या डोक्यावरून निघून जायचा. कागदावर आमच्या जागी फक्त पांढरं उरायचं. खिळे मिरवायचे. आमच्यावाचून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकला असता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तीस वर्षं अशी गेली. मग संगणक आला, खिळे भंगारात गेले, आणि माझ्या बहिणीही गेल्या. जुळाऱ्याने मला मात्र सदऱ्याच्या खिशात टाकलं. का, ते त्याने सांगितलं नाही. रोज सकाळी तो पेन, चष्मा आणि मी असे तिघे खिशात आहोत ना हे चाचपून बघायचा.

छापखान्याच्या जागी आता एक संगणक, एक छपाईचं यंत्र आणि एक काउंटर उरलं. जुळाऱ्याचा मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारा. दुकान सांभाळायला सून उभी राहिली. ती हुशार होती, पण अक्षरं कशी मांडावीत हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिचं पहिलं काम म्हणजे हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात. तिने त्यात पाच वळणांची अक्षरं वापरली, वर नक्षी काढली, शीर्षकाला सावली दिली. जुळाऱ्याने कागद हातभर लांब धरला.

"सूनबाई, कुत्रा सापडला. आता फोन कुठे करू?"

फोननंबर कोपऱ्यात मुंगीएवढा होता. सून हसली, आणि लाजलीही. त्या दिवसापासून तिची शिकवणी सुरू झाली.

तो घाई करायचा नाही. पाच जण एकदम ओरडले तर कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून कागदावर एकानेच मोठ्याने बोलावं, असं त्याने सांगितलं. अक्षरांची दोन वळणं पुरे, तिसरं घ्यायचं तर आधी कारण सांगायचं. ज्या गोष्टी एकमेकींच्या आहेत त्या जवळ बसवायच्या, बाकीच्यांना लांब. ओळ फार लांब करायची नाही, नाहीतर नजर परत येताना घर चुकते. आणि प्रत्येक कामाच्या शेवटी तो मला खिशातून काढून छापील कागदावर, दोन ओळींच्या मध्ये आडवी ठेवायचा. मी वरच्या उकाराला आणि खालच्या वेलांटीला न झाकता बसले की काम पास.

त्याची आणखी एक परीक्षा होती. कागदाच्या कातरणाचं एक गाठोडं तो सुनेच्या कडेवर द्यायचा आणि म्हणायचा, आता वाच. आपलं काम कुणी खुर्चीत बसून वाचत नाही, वाचणाऱ्याच्या कडेवर मूल असतं, हातात पिशवी असते, डोक्यात काळजी असते. सून म्हणायची, "मामंजी, तुमचा मुलगासुद्धा लहानपणी एवढा जड नसेल." तो म्हणायचा, "जड होता. तेव्हाच तर शिकलो मी हे."

दोन वर्षांत तिच्या हाताला वळण आलं. शाळेची वेळापत्रकं, शिवणक्लासचे फलक, पाणीपट्टीच्या सूचना. लोक कागद घेऊन जाताना काही बोलायचे नाहीत, पण पुन्हा विचारायला येत नसत. जुळाऱ्याला तेवढी शाबासकी पुरायची.

मग त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्याला साखरेचा आजार होता, त्यानेच डोळा धरला होता. ऑपरेशनला आणि मग घरी विश्रांतीला जाताना त्याने मला सुनेच्या हाती दिलं. त्याच आठवड्यात दवाखान्याचा कारकून एक काम घेऊन आला. साखरेच्या रुग्णांसाठी हजार कार्डं हवी होती. सकाळी बोट टोचून साखर मोजायची, तो आकडा कार्डाच्या डाव्या कडेला शोधायचा आणि त्याच ओळीत उजव्या कडेला लिहिलेलं तेवढं औषध सुईने घ्यायचं. एकूण चौदा ओळी.

सुनेने कार्ड छान मांडलं. ओळींत श्वास होता, डावी आणि उजवी बाजू जवळ आणली होती. कारकुनाने ते उलटंपालटं केलं.

"ताई, एवढी कोरी जागा कशाला? कागद काय फुकट आलाय? वर डॉक्टरसाहेबांचा फोटो येऊ दे, खाली नव्या इमारतीचा."

तिने समजावून पाहिलं. म्हातारी माणसं आहेत, नजर घसरेल, असंही म्हणाली. कारकुनाने समोरच्या दुकानाकडे मान वळवली आणि ते लोक दहा मिनिटांत करून देतात, असं सहज बोलल्यासारखं बोलला. दवाखान्याचं काम म्हणजे वर्षभराचं काम. सून खुर्चीत बसली. अक्षरांचा आकार बारावरून दहावर आला, दोन ओळींमधलं अंतर जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि दोन्ही बाजू एकमेकींपासून फोटोच्या रुंदीइतक्या लांब गेल्या. सगळं मावलं. कारकून खूश झाला.

तो गेल्यावर तिने एक कार्ड काउंटरवर ठेवलं आणि मला उचललं. मित्रांनो, मी त्या दोन ओळींत मावले नाही. मामंजींना दाखवावं, असं तिच्या मनात आलं असणार, कारण ती पिशवी घेऊन उठलीसुद्धा. पण त्यांच्या डोळ्याला पट्टी आहे, उगाच कशाला त्रास, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिने मला खणात ठेवलं आणि छपाई सुरू केली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. खणात नुसता अंधार होता.

पुढचं मी तिच्या रडण्यातून ऐकलं. महिन्याभराने जुळारी दवाखान्यात गेला, तेव्हा औषधाबरोबर त्यालाही ते कार्ड मिळालं. एका सकाळी सून दुकान उघडायला गेली होती. त्याने साखर मोजली, बऱ्या डोळ्याने आकडा शोधला आणि डावीकडून उजवीकडे निघाला. वाटेत नजर दोन ओळी खाली घसरली. त्याने फार जास्त औषध घेतलं. दुपारी ती जेवायला घरी आली, तेव्हा तो खुर्चीत होता, कार्ड मांडीवर होतं, आणि हाक मारली तर उठत नव्हता.

तो वाचला. पण इतका वेळ बेशुद्ध राहिल्यामुळे मेंदूला इजा झाली होती. तो बोलतो, जेवतो, सुनेला ओळखतो. वाचता मात्र येत नाही. अक्षरं दिसतात, म्हणतो, पण ती काही सांगत नाहीत. घरी आल्यावर काही दिवसांनी सुनेने त्याच्यापुढे ते कार्ड धरलं आणि सगळं कबूल केलं. त्याने कार्डावरून बोट फिरवलं.

"माझीच चूक असेल," तो म्हणाला. "मी घाईत वाचलं असेल."

"नाही मामंजी. तुम्ही घाईत कधीच काही वाचलं नाहीत."

तिला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

तिने कार्ड पुन्हा मांडलं, ओळी मोकळ्या केल्या, आपल्या खर्चाने हजार कार्डं छापली आणि गठ्ठा घेऊन दवाखान्यात गेली. कारकुनाने वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाला, की जुनी नऊशे वाटून झाली, बाकी कुणाची तक्रार नाही, आणि नव्या कार्डावर इमारतीचा फोटो नाही, तो साहेबांना लागतो. ती साहेबांना भेटायला दोनदा जाऊन बसली. भेट झाली नाही, आणि दवाखान्याने न दिलेलं कार्ड रुग्णही घेईनात. पुढची हजार कार्डं समोरच्या दुकानात छापली गेली. त्यांत ओळी आणखी जवळ आहेत, कारण एका नव्या डॉक्टरांचाही फोटो आला आहे.

आता ती दर सोमवारी सकाळी दवाखान्याच्या रांगेत जाते. बाकावरच्या माणसांकडे कार्ड मागते, मला त्यावर ठेवते आणि माझ्या कडेने प्रत्येक ओळीखाली डावीकडून उजवीकडे रेघ ओढून देते. कुणी आभार मानतं, कुणी तिला वेडी समजून कार्ड घट्ट धरून ठेवतं. पहारेकरी दिसला की ती उठते. मागच्या सोमवारी सात कार्डं झाली, त्याच्या आधी चार. जुळारी घरी खिडकीपाशी बसलेला असतो. ती परतल्यावर तो किती झाली विचारतो, आणि ती नेहमी दोन वाढवून सांगते.

बाकीची शेकडो कार्डं कुठल्या कपाटावर, कुणाच्या उशाशी आहेत, मला माहीत नाही. ती कधी पुरी होतील असं मला वाटत नाही. मी झिजत चालले आहे, आणि सुनेचा धीरही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या घरातही औषधांचा एखादा तक्ता असेल, ओळीला ओळ चिकटलेला. घरातल्या मोठ्यांना सांगून तो खाली काढा. कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि प्रत्येक ओळीखाली एक सरळ रेघ ओढा. मग आजोबांना त्यांची ओळ मोठ्याने वाचायला सांगा. उद्यावर टाकू नका. सकाळचं औषध ते रोज घेतात.