अंगठ्याएवढं मूळ

सोलांजच्या शेडमध्ये रसायनाचा वास नसायचा, याचा तिला फार अभिमान होता. शहरातल्या अर्काच्या कारखान्यात तिने उमेदीची वर्षं काढली होती. तिथल्या वासाने डोकं चढायचं आणि मागच्या ओढ्यात मासा म्हणून उरला नव्हता. शेवटी ती फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यच्या डोंगरात, आपल्या गावी परतली आणि नुसत्या कोमट पाण्यावर आली. जेन्शन या पिवळ्या फुलांच्या डोंगरी झाडाची कडू मुळं बारीक चिरून पाण्यात टाकायची आणि त्यातून कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी सोडायच्या. औषधी कडवटपणा आपसूक पाण्यात उतरायचा. चोथा खत म्हणून कुरणात जायचा.

मुळं आणून द्यायचा तिचा चुलतभाऊ मार्सलँ. दोन दात्यांचा लोखंडी काटा रोवून, त्यावर सगळं अंग टाकून तो मनगटाएवढी मुळं उपटायचा. तेवढं जाड व्हायला झाडाला कित्येक वर्षं लागत. कोवळ्या झाडाला कुणी हात लावत नसे, कारण त्यातून फारसं काही निघतच नसे.

एकदा त्याच्या पोत्यात चुकून काही बारीक मुळं आली. सोलांजने ती सहज यंत्रात घातली, तर अर्क जवळजवळ तेवढाच उतरला. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. तिने अंगणात जाऊन मार्सलँला चमचा चाटायला लावला. तो तोंड वाकडं करून थुंकला आणि म्हणाला, "कडू आहे गं बाई. चला, आता बारीक मुळं उपटायची, माझ्या कंबरेची सुटका झाली."

दोघंही खूप हसली.

त्या हिवाळ्यात खोऱ्यातल्या मुळं काढणाऱ्यांची सभा भरली, तेव्हा सोलांजने हे सगळं उघड सांगून टाकलं. स्वच्छ पद्धत एकट्याची राहू नये, असं तिचं मत होतं. अंगठ्याएवढं मूळही चालतं, हे तिने अंगठा वर करून दाखवलं. टाळ्या पडल्या. घरी जाताना तिला हलकं वाटत होतं.

बघता बघता खोऱ्यात तशाच आणखी शेड उभ्या राहिल्या. बाहेरची माणसं साध्या कुदळी घेऊन उतारावर चढू लागली आणि अजून एकदाही न फुललेली कोवळी झाडं उपटू लागली. थोड्याच वर्षांत असा एक जुलै आला, की गाई होत्या, गवत होतं आणि पिवळं फूल मात्र शोधून सापडेना.

मार्सलँ रिकामं पोतं घेऊन दारात उभा राहिला. "वर काही नाही."

"पलीकडच्या अंगाला बघितलंस?"

"तिथं नुसते खड्डे. शेजाऱ्याच्या गाईचा पाय मोडला त्यात."

आपण यापुढे बारीक मुळं घेणारच नाही, असं ती म्हणाली.

"तू थांबशील गं. तू शिकवलेले थांबतील का?"

सोलांजने त्याच्या हातातून रिकामं पोतं घेतलं. मग म्हणाली, "दादा, मला वाटलं होतं, पाणी स्वच्छ राहिलं की झालं."

"पाणी स्वच्छच आहे की," मार्सलँ म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

ती प्रत्येक शेडमध्ये जाऊन विनवून आली. सगळ्यांनी तिला आदराने कॉफी दिली आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: आम्ही सोडलं तर दुसरा काढेल. मार्सलँने काटा टाकला आणि चीज मुरवायच्या तळघरात चीजची चाकाएवढी गोल ढेपं उलटायची नोकरी धरली. सोलांजने कुरणाच्या कडेला जेन्शनचं बी पेरलं. रोपं नखाएवढी आली. ती फुलतील तेव्हा आपण असू की नाही, हे तिला सांगता येत नव्हतं.

मागच्या वसंतात दूरच्या गावाहून एक तरुण जोडपं तिची पद्धत शिकायला आलं. त्यांच्याकडच्या टेकडीवर अजून भरपूर फुलं होती. सोलांजने त्यांना आधी कुरणात नेऊन जुने खड्डे दाखवले आणि कोवळ्या मुळांबद्दल पोटतिडकीने सांगितलं. दोघं माना डोलवत राहिली. मग मुलीने हळूच विचारलं, की पाणी नेमकं किती गरम ठेवायचं?

नाही सांगितलं, तर ही पोरं रसायन वापरणार. सोलांजने सांगून टाकलं. त्यांची गाडी वळणाआड गेल्यावरही ती फाटकाशी उभी होती.