नव्या बाईंची काच

तासाआधी प्रयोगशाळेत ताईंनी बारीक ब्रश स्वतःच्या नाकपुडीत सरकवला, डोळ्यांतून पाणी आलं तरी दोनदा फिरवला आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या नळीत बुडवला.

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या रंगवलेल्या काचा कपाटभर होत्या, पण श्वासमार्गाचं जिवंत अस्तर पडद्यावर दाखवायचं, तर ते दरवर्षी ताईंच्याच नाकातलं. अस्तर खाली श्वासनळीपर्यंत तेच. त्यातल्या काही पेशी चिकट स्राव सोडतात, आणि शेजारच्या पेशींचे रोमक, म्हणजे केसांहूनही बारीक तंतू, एका लयीत हलून तो स्राव धुळीसकट घशाकडे ढकलतात. मुलं पहिल्यांदा ते बघून "अय्या!" म्हणत, तेव्हा ताईंना आपणच टाळ्या मिळवल्यासारखं वाटे.

यंदा मात्र विभागप्रमुख सर म्हणाले होते, "नव्या बाईंनाही करू द्या की. दोघींच्या काचा बघू. ज्यांची सरस, त्यांच्याकडे यापुढे हा तास."

करू द्या की म्हणे! ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. बाई आल्यापासून प्रयोगशाळेत दुसरं नाव नाही. त्यांच्या काचा काय सुरेख, रंग काय नेमका. त्या खोकल्या की सर लगेच विचारणार, "औषध घेतलंत का?" आणि ह्या गोड हसून सांगणार, "लहानपणापासूनचाच आहे हो. सवयीचा झालाय." खोकल्याचंसुद्धा कौतुक! ताई तापाने फणफणल्या होत्या तेव्हा कुणी पाणी तरी विचारलं होतं का?

पडद्याला जोडलेला सूक्ष्मदर्शक एकच. मान पहिला नव्या बाईंना, हे ओघानं आलंच. त्यांनी आपली काच लावली, भिंगातून बघायच्या आतच आलेला खोकला रुमालात दाबला आणि म्हणाल्या, "ताई, मी मुलांना घेऊन येते. जरा लक्ष ठेवाल?"

"ठेवते की."

दार लागताच ताई भिंगाला डोळा लावून वाकल्या. काहीतरी खोट सापडू दे, एवढंच मनात होतं.

सापडली. पेशी भरपूर होत्या, कडेला रोमकांची दाट झालर होती, आणि सगळी झालर थिजलेली. हूं! काच गार पडू दिली असणार. एवढंही कळू नये? ताईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी उदारपणे काच तापपट्टीवर ठेवली आणि पुन्हा पाहिलं. हालचाल नाही. बाईंच्या नळीतला थेंब घेऊन दुसरी काच केली. एका कोपऱ्यात चार रोमक थरथरले, तेही भलतीकडे.

ताई हळूच स्टुलावर बसल्या. एका काचेवरून काही ठरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण तो ओला खोकला त्या वर्षभर ऐकत होत्या. लहानपणापासूनचा. आत साचलेलं वर ढकलणारं कुणी नव्हतंच की काय? आणि आपण इथे नाकं मुरडत बसलो.

बाहेर मुलांचा गलका आला. आता नुसतं गप्प बसलं की झालं असतं. पडदा उजळला असता, सगळ्यांनी ते बघितलं असतं, तास ताईंचाच राहिला असता. ताईंचा हात काचेवर गेला, थांबला. मग त्यांनी बाईंची काच खणात सरकवली आणि आपली लावली.

पडदा उजळला. रोमकांची रांग वाऱ्यावरच्या पिकासारखी सळसळत होती.

"अय्या!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. टाळ्याच पडल्या.

"वा! कुणाची ही?" सरांनी विचारलं.

"नव्या बाईंची," ताई म्हणाल्या.

"मग ठरलं तर!"

रोमक आपले, नाक आपलं, आणि तास गेला. टाळ्या थांबेपर्यंत ताई जमिनीकडे बघत राहिल्या.

मुलं पांगल्यावर नव्या बाई लाजत जवळ आल्या. "ताई, गडबडीत तुमची काच दाखवायची राहूनच गेली."

"राहू दे."

"नाही, पण तुमचीही चांगली असेल."

ताईंनी खण उघडून बाईंची ती काच रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.

"छातीचे एक डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत," त्या म्हणाल्या. "चला, आत्ताच जाऊ."