बेशरमाचं कुंपण

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे. बोडी म्हणजे घरचं लहान तळं. तिच्या पाण्यावर खालच्या बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, धान निघतो. या बोडीत बेशरम नावाचं रानझुडूप, ही बेशरम, शिरली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने बोडी गिळली. तिला जांभळट फुलं येतात, लांबून पाहणारा म्हणतो, काय सुंदर! सुंदर कसली डोंबलाची? जनावर तिला तोंड लावत नाही, तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही, आणि तोडली की दुप्पट येते. नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवलं असणार.

पूर्वी इथे देवधान व्हायचा. तो कोणी नांगरून पेरत नाही, पाण्यात आपला आपण येतो. ऋषिपंचमीला बायकांना बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून त्या उपासाला हाच लागतो. बेशरमीपायी तो गेला. गेली आठ-नऊ वर्षं गावातल्या बायका अड्याळच्या बाजारातून देवधानाची पुडी आणतात. माझी बायको जनाबाई पुडीतले दाणे तळहातावर घेऊन दर वर्षी म्हणायची, "हा देवधान नोहोय. कोणाच्या तरी बांधीतला बारीक धान हाय." मग तोच शिजवून तोंड वाकडं करून खायची.

मागच्या वैशाखात बोडी आटली तेव्हा तिने मनावर घेतलं. शेजारच्या गीताबाईला आणि आणखी चौघींना गोळा केलं. पंधरा दिवस त्या सहा जणींनी कुदळी चालवल्या आणि बेशरम मुळासकट काढून पाळीवर, बोडीच्या बांधावर, टाकली. बदल्यात जनाने शब्द दिला, आश्विनात देवधान पिकला की प्रत्येकीला पुढच्या पंचमीपुरता वाटा. बी तिने माहेरून, बपेऱ्याहून आणलं. ज्या तळ्यातलं ते होतं ते तळं बुजवून त्यावर आता घरं उभी राहिली आहेत. वहिनीने मडक्यात राखलेलं दोन ओंजळी बी, तेवढंच उरलं होतं.

त्यातलं मूठभर जना बाजूला ठेवणार होती. मीच म्हणालो, "ठेवून का करतं? टाक सगळं. मी हावो ना पाहाले."

तिने सगळं बी उथळ कोपऱ्यातल्या गाळात टाकलं.

दोन पाऊस झाले, बोटभर रोपं वर आली आणि नेमका कारध्याहून जावयाचा फोन आला. रीनाचे, आमच्या मुलीचे, दिवस भरत आले होते. जना पिशवी भरता भरता मला बजावत होती, "रोपाईले बाभळीच्या काट्याचं कुंपण करा, नाई तं गुरं खातीन. अना ते बेशरमीचे ढीग जाळून टाका. तुकडा एक बी बोडीत पडू देऊ नोका."

बाभळीचे काटे आणायचे तर नाल्यापलीकडे जावं लागतं. हाताला ओरखडे येतात ते वेगळेच. आणि इथे पाळीवर बेशरमीच्या सरळसोट काड्या पडलेल्या. माझ्या बापाने जन्मभर भाजीच्या वाडीला हिचंच कुंपण केलं. काडी उलटी रोवायची, शेंडा मातीत आणि बूड वर, म्हणजे ती फुटत नाही, असं तो सांगायचा. बापाची वाडी उन्हाळ्यात असायची, कोरड्या जमिनीवर, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. मी एका सकाळीत दोनशे काड्या उलट्या रोवल्या आणि घरी येऊन मस्त जेवलो.

पंधरा दिवसांनी काड्यांना डोळे फुटले. त्याच दिवशी फोन आला. रीनाला मुलगी झाली होती, जना खुशीत होती. तिने विचारलं, "रोपं कसे हायेत?"

"मस्त हायेत."

"कुंपण?"

"केलं ना. बाभळीचं."

खोटं इतक्या सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. तेव्हाच सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी गाडी पकडून आली असती. मी मात्र विळा घेऊन कोंब छाटत बसलो. तोवर बोडी भरली होती. छाटलेले तुकडे पाण्यात पडले, रोपांमध्ये अडकले आणि तिथेच मुळं धरून बसले. ते उपटायला गेलो तर चिखलातून देवधानाची रोपंही हातात येऊ लागली. मी घाबरलो. खरं सांगतो, त्यानंतर मी तिकडे जाणंच सोडलं. फोन आला की म्हणायचो, मस्त हाय.

दसऱ्यानंतर जना आली. घरात न जाता, हातात पिशवी तशीच घेऊन ती बोडीवर गेली. कोपऱ्यात पुरुषभर उंच बेशरम, वर जांभळी फुलं. ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, मला तेच हवं होतं. तिने पदर खोचला आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. दोन दिवस ती काडी काडी बाजूला सारून शोधत होती. देवधानाची लोंब्या धरलेली अकरा ताटं सापडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गीताबाई आणि चौघी टोपल्या घेऊन पाळीवर आल्या. देवधान झडायच्या आत टोपलीत झटकून घ्यावा लागतो, म्हणून त्या उजाडताच निघाल्या होत्या. पाणी पाहून सगळ्या थांबल्या. गीताबाई म्हणाली, "जनाबाई, हे का झालं वो?"

जना पाण्यातूनच माझ्याकडे वळली. "तुमीच सांगा. सगळं सांगा. फोनवर का बोलले थे बी."

मी सांगितलं. उलट्या काड्यांपासून बाभळीच्या खोट्यापर्यंत सगळं, त्या पाच जणींसमोर, खाली मान घालून. एकीने टोपली पालथी करून तिच्यावर बसकण मारली आणि आपल्या तळहातांकडे पाहत राहिली. वैशाखातल्या कुदळीचे घट्टे अजून तिच्या हातावर होते.

जना वर आली. अकरा ताटांचे दाणे तिने पदराच्या गाठीत बांधले होते. आमच्या घरी बियाण्याचं मडकं चुलीच्या वर टांगलेलं असतं, लग्न झाल्यापासून ते तिथेच आहे. दाणे त्यात जातील असं मी धरून चाललो होतो.

तिने गाठ सोडली आणि दाणे गीताबाईच्या हातावर ठेवले.

"तुमच्या घरी राहू द्या," ती म्हणाली. "आमच्या घरी नोको."