बर्फाच्या तळ्याचा बेत

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग करणारा एक छोटा कारखाना होता. तिथल्या नंदिता आणि क्षमा या दोघींनी जूनमध्ये मनालीला जायचं ठरवलं. मनालीच्या वर डोंगरात, हिमनदीच्या पाण्यावर भरणारं एक तळं होतं. पहाटे चढायला लागलं, की संध्याकाळी परत. डबा खाताना बेत रंगात आला, तोच मॅनेजर शहाजीराव रसमची वाटी घेऊन शेजारी येऊन बसले.

"मलाही घ्या. तंजावरची हाडं आहेत, चढतील!"

रजेवर सही त्यांचीच. नाही कोण म्हणणार? पण चढभर त्यांची कारखान्याची प्रवचनं ऐकायची, या कल्पनेनंच नंदिताला धाप लागली. दुसऱ्या दिवसापासून तिनं तिखटमीठ लावायला घेतलं. वर दहीभात मिळत नाही, सर. फिल्टर कॉफीचं तर नाव काढू नका. पाण्यात बोट घातलं, की निळं पडतं. शुक्रवारी तिनं तळ्यावर एक अस्वल आणून सोडलं.

"अय्यो!" शहाजीरावांचा घास हातातच राहिला.

नेम बरोबर लागला, पण घायाळ क्षमाही झाली. सोमवारी ती खाली मान घालून म्हणाली, "आई नको म्हणतेय ग."

नंदिता कपाळाला हात लावून बसली, तर शहाजीरावांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मी काही येत नाही. पण घरी बायकोला हे सगळं सांगितलं, तर आमची तुळजाच निघालीय. ऐकतच नाही!"

संध्याकाळी तुळजाबाईंचा फोन आला. "अस्वल खरंच आहे का ग?"

नंदितानं खरं सांगून टाकलं. "नाही, काकू. सरांनी येऊ नये म्हणून..."

पलीकडून खुदखुद हसू आलं. "मग त्यांना कळू देऊ नकोस हो. लग्नापासून मी कुठंही निघाले, की हे चप्पल घालून तयार. हे मागे येणार नाहीत अशी जागा आत्ता सापडलीय."

रविवारी दोघी सरावाला जवळच्या परंगीमलै टेकडीच्या पायऱ्या चढल्या. तुळजाबाई पदर खोचून, नव्या कॅनव्हासच्या बुटांत. अर्ध्यावर नंदितानं बसकण मारली. बाई मात्र वर जाऊन, समुद्र पाहून परतल्यासुद्धा. घाम पुसत तिच्या कानाशी वाकल्या.

"उद्या ऑफिसात एखादा लांडगा सोड. कालपासून 'मीही येऊ का' म्हणतायत."