रोजच रविवार

"आजोबा, तुम्ही खरंच सगळं विसरलात, की कामाचा कंटाळा म्हणून सोंग करता?"

नात मारितने एका दमात विचारून टाकलं. विचारून दाखव म्हणून मैत्रिणींनी पैजच लावली होती ना! लुबर्टआजोबांनी हात मांड्यांखाली आणखी घट्ट दाबले. मी टेबलावर नुसती पडून होते.

मित्रांनो, मी मासेमारीची जाळी सांधायची एक जुनी लाकडी सुई आहे. लुबर्टच्या वडिलांनी मला नासपतीच्या फांदीतून कोरलं. लुबर्टची धाकटी बहीण लुम्मे माझ्यात सुतळी भरायची आणि तो जाळं सांधायचा. लुम्मे लहानपणीच बंदरात बुडाली. पुढे लुबर्टबरोबर मी उत्तर समुद्रावर किती हिंडले! बोटीवरचे म्हणत, "लुबर्टची गाठ बघून मासे रडतात रे!" मग बोट विकली गेली, आणि मी खणात अंधारात पडले.

विसराळू झालेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या या केंद्रात मला आणलं, तेव्हा वाटलं, सुटले! इथे ज्याला त्याला त्याच्या सवयीचं काम देतात. बेकरीवाल्या आजींना कणीक, लुबर्टला मी आणि फाटकं जाळं. पण तो मला शिवेचना. पुढे केलं की ओरडायचा. केंद्र चालवायला शहरातून आलेल्या तिनेकेबाईंनी शेवटी घरी कळवलं, "असंच चाललं तर त्यांना दूरच्या वृद्धनिवासात कायमचं ठेवावं लागेल."

"सोंग?" आजोबा गुरगुरले. "रविवारी सुईला हात लावतात का गं? लाज नाही वाटत?"

"आज मंगळवार आहे, आजोबा!"

"मग तो चर्चचा ऑर्गन काय हेरिंग मासे विकायला वाजतोय?"

मारितने कपाळावर हात मारला. आमच्या बंदरगावात रविवार म्हणजे देवाचा दिवस; त्या दिवशी कोणी दोरीला गाठसुद्धा मारत नाही. आणि म्हाताऱ्यांना शांत वाटावं म्हणून तिनेकेबाई रोज सकाळपासून भजनांचा ऑर्गन लावायच्या!

"अहो तिनेकेबाई, बंद करा तो ऑर्गन! तुम्ही त्यांचा रोजच रविवार करून ठेवलाय!"

ऑर्गन थांबला. बऱ्याच वेळाने आजोबांचे हात मांड्यांखालून बाहेर आले. मला उचललं. एक गाठ, दुसरी गाठ... सुतळी संपली, तसं न बघताच त्याने मला मारितपुढे धरलं.

"लुम्मे, भर."

"आजोबा, मी मारित. तुमची नात."

हात थांबले. जाळं मांडीवरून घसरलं. "लुम्मे कुठाय? पाण्याकडे गेली का? लुम्मे!"

मारितने मला हातात घेतलं. "इथेच आहे रे दादा. भरते."

"घट्ट गुंडाळ. आळशी कुठली!" आणि तो हसला.

मित्रांनो, म्हाताऱ्या हातांत त्यांचं जुनं काम जरूर द्या. पण त्यांच्या मनात आज कोणता वार आहे, तेही विचारा.

संध्याकाळी आईबाबा न्यायला आले. आईने आशेने विचारलं, "ओळखलं का गं तुला?"

"नाही. आणि आता कोणी त्यांना ते विचारायचंही नाही." मारित म्हणाली. "आई, बाबा, मी ठरवलंय. शाळा सुटली की रोज इथे येणार. आणि इथे मी लुम्मे आहे."